चाळीस दिवसांचा उपास आणि मानेवरची गाठ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार सुगंधाबाई साळवे यांचे आहेत. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मिशनचे मुलांचे बोर्डिंग होते, त्याच्या बाई प्रमुख होत्या. माझे वडील साखर कारखान्याच्या यार्डात हमाली करत. सातवीनंतर मलाही तिकडेच लावायचे ठरले होते. बाई आमच्या दारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "योहानराव, पोरगं गणितात चांगलं आहे. तुम्ही फक्त नाही म्हणू नका, बाकीचं मी बघते." त्यांनी खरोखरच सगळे बघितले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

बोर्डिंगात पहाटे साडेपाचला प्रार्थना असे. डुलकी घेणाऱ्याला बाई मारत नसत. त्याचे नाव घेऊन म्हणत, "सुधीर, पुढची प्रार्थना तू कर." मग झोप कुठल्या कुठे पळे. "झोपेत केलेली प्रार्थना देव ऐकतो रे, पण तू ऐकत नाहीस," असे त्या सांगत.

आज मी सिंगापूरला असतो. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहे. बाईंना कमी ऐकू येते, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. महिन्याला एक पत्र लिहितो. त्या भिंग घेऊन वाचतात आणि उत्तर देतात.

माझ्या आजारपणाच्या वर्षी मी त्यांना एक पत्र लिहिले. त्यात खोटे काही नव्हते, पण ते पुरते खरेही नव्हते. त्या पत्रावर विश्वास ठेवून बाई जे करू लागल्या, ते थांबवायला मला दुसरे पत्र लिहावे लागले. ते लिहिण्याचा धीर मला लवकर होईना. ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट आला आहे त्यांच्यासाठी हे सगळे लिहितो आहे. ते दुसरे पत्र शेवटी दिले आहे. छापायला बाईंची परवानगी आहे. "नावासकट छाप," असे त्यांनी कळवले.

उपास

जुरोंग वेस्टच्या आसपास आम्ही आठ मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहोत. दर शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमतो. गाणी, वचन, प्रार्थना आणि मग जेवण. आम्हाला पाळक (पास्टर) नाहीत. गेली काही वर्षे ही बैठक चालवण्याचे काम माझ्याकडे आहे.

त्या वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, मी चाळीस दिवस उपास धरला. दिवसभर पाणी, संध्याकाळी वरणभात. पहाटे साडेचारला उठून प्रार्थना, मग कंपनीची बस. बसमध्येही मी डोळे मिटून प्रार्थना करत असे. शेजारी मुरुगन बसायचा, आमच्या मेंटेनन्सचा. जन्माने सिंगापूरचा तमिळ. दुसऱ्या आठवड्यातच तो म्हणाला, "सुधीर, तू फार वाळलास. डॉक्टरला दाखव."

"लेंट आहे," मी म्हणालो.

"आमच्याकडेही थैपूसमच्या सणाला उपास करतात. माझा काका दरवर्षी करतो. पण उपास संपेपर्यंत त्याची पँट खाली घसरत नाही."

मी हसलो. वजन उतरत होते, रात्री घामाने बनियन भिजत होते, जिना चढताना दम लागत होता. या सगळ्याला माझ्याकडे उत्तर होते. शनिवारच्या बैठकीत आमच्यातले पंडितकाका म्हणाले, "ब्रदर, चेहऱ्यावर तेज आलंय तुमच्या." ते मला आवडले. इथे खोटे कशाला लिहू, फार आवडले.

माझी बायको विनया एका बालवाडीत शिकवते. तिला तेज दिसत नव्हते. तिला माझ्या गळ्याची हाडे दिसत होती. एके दिवशी सकाळी मी डोळे मिटून बसलो होतो, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची प्रार्थना संपली की सांगा. मला देवाशी नाही, तुमच्याशी बोलायचंय." मी डोळे उघडले नाहीत. ती समोरच उभी आहे हे मला कळत होते. मग ती डबे भरायला गेली.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधी आम्ही चोवीस तासांची प्रार्थना-साखळी करतो. प्रत्येकाने आपापल्या घरी अर्धा तास प्रार्थना करायची आणि संपली की पुढच्याला मेसेज करायचा. तक्ता मी बनवतो. त्या वर्षी दोन कुटुंबे गावी गेली होती, त्यामुळे बरेच रकाने रिकामे राहिले. त्या सगळ्यांत मी माझे नाव लिहिले. नेमकी त्याच आठवड्यात कंपनीची वार्षिक वैद्यकीय तपासणी होती. मी ती पुढे ढकलली. प्रार्थनेसाठी तपासणी सोडली, याचाही मला अभिमान वाटला.

मग मी बाईंना पत्र लिहिले. चाळीस दिवसांचा उपास पुरा होत आला आहे, वजन सात किलो उतरले आहे, पण आत्मा जागा आहे, असे काहीसे. घाम, दम आणि पुढे ढकललेली तपासणी यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

ज्या दिवशी कळले

ईस्टरच्या सकाळी विनयाने माझ्या शर्टाचे वरचे बटण लावले आणि तिची बोटे मानेवरच थांबली. गाठ होती. लिंबाएवढी नाही, पण बोराएवढी नक्की.

"कधीपासून आहे?"

"असेल थोडे दिवस."

आम्ही उपासनेला गेलो. त्यानंतर तीन आठवडे मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो, हॉकर सेंटरला जाऊन बिर्याणी खाल्ली, आणि तरी वजन उतरतच राहिले. शेवटी विनयानेच अपॉइंटमेंट घेतली. एका तपासणीतून दुसरी निघाली, आणि एका मंगळवारी दुपारी आम्ही एका तरुण चिनी डॉक्टरीणबाईंच्या समोर बसलो होतो.

"वजन कधीपासून उतरतंय?" त्यांनी विचारले.

"मी उपास करत होतो."

"आणि उपास सोडल्यावर?"

विनया म्हणाली, "सोडल्यावरही उतरतंय."

त्यांनी तो शब्द सांगितला, लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. हा बरा होऊ शकणारा आहे, असेही लगेच सांगितले. पण मला ते वाक्य ऐकू आले नाही. ते विनयाने घरी गेल्यावर मला परत सांगितले. मला तेवढे एकच आठवते की त्यांच्या टेबलावर एक छोटे कॅक्टस होते आणि मी त्याचे काटे मोजत होतो. दोन महिने आधी आलो असतो तर काय फरक पडला असता, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

आम्ही मेट्रोने घरी आलो. एस्तेर, आमची आठ वर्षांची मुलगी, शेजाऱ्यांकडे होती. दार उघडण्याआधी विनया म्हणाली, "तिच्यासमोर रडायचं नाही असं काही नाही. पण खोटं बोलायचं नाही." मला वाटले, ती एस्तेरबद्दलच बोलते आहे.

पडद्यामागे

केमोथेरपीच्या पहिल्या खेपेला पाच दिवस भरती झालो. सहा खाटांचा वॉर्ड. सकाळी सहाला नर्स येऊन ब्लड प्रेशर बघते, मग नाश्त्याची ट्रॉली, मग डॉक्टरांची फेरी, मग काहीच नाही. दुपार फार लांब असते. पहिल्या दिवशी मी ठरवले, इथे वेळच वेळ आहे, भरपूर प्रार्थना करू. डोळे मिटले आणि एकही शब्द आला नाही. बोर्डिंगापासून पाठ असलेल्या प्रार्थना होत्या, त्यांचीही सुरुवात सापडेना. देव रागावला म्हणून नव्हे. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो आहे हे कबूल करायची मला सवयच नव्हती.

संध्याकाळी विनया आली. पडदा ओढून घेतला, स्टूल जवळ केले आणि म्हणाली, "तुम्ही करताय का प्रार्थना, की मी करू?"

"तू कर."

तिने माझा हात धरला, पण डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघतच बोलू लागली. "प्रभू, मी या माणसावर फार चिडले आहे. मी सांगत होते, यांनी ऐकलं नाही. मला भीती वाटते. एस्तेरला काय सांगू, मला कळत नाही. यांना बरं कर, मग मी यांच्याशी नीट भांडेन. आमेन."

शेजारच्या खाटेवरून कुणीतरी खोकले. मीही आमेन म्हणालो. त्या वर्षात मी ऐकलेली पहिली जागी प्रार्थना ती.

आमच्या प्लांटमध्ये वेल्डिंग संपले की एक माणूस अर्धा तास तिथेच उभा ठेवतात. त्याला फायर वॉच म्हणतात. एखादी ठिणगी कुठे दबून राहिली आहे का, एवढेच त्याने बघायचे असते. मी त्या लोकांना ट्रेनिंग देतो. नुसते उभे राहू नका, बघा, असे दर वेळी सांगतो. वॉर्डात पडल्या पडल्या मला कळले की मी चाळीस दिवस उभा राहिलो होतो. न हलता, पहाटे साडेचारपासून. माझ्याच मानेवर, माझ्याच घरात काय पेटते आहे ते मात्र मी पाहिले नव्हते. जागे राहणे आणि झोप न घेणे एकच आहे असे मी समजून चाललो होतो.

तेव्हापासून मी लहान प्रार्थना करायला शिकलो. आत्ता समोर काय आहे ते आधी म्हणायचे. "प्रभू, सुई टोचणार आहेत, मला नको आहे." "प्रभू, विनयाने आज दुपारी काही खाल्लेले नाही." दुसरे वाक्य म्हटल्यावर ती प्रार्थना पुरी करायला बायकोला फोन करावा लागतो, हेही लक्षात आले.

खुर्ची

पुढे दर दोन आठवड्यांनी एक दिवस केमोसाठी जायचे. मोठ्या हॉलमध्ये आराम खुर्च्या, प्रत्येकाला एक सलाइनचा स्टँड. माझ्या शेजारी बहुतेक वेळा कोहअंकल असत, निवृत्त बस ड्रायव्हर. औषध सुरू होण्याआधी मी डोळे मिटून दोन वाक्ये म्हणत असे.

एकदा त्यांनी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारले, "यू प्रे सो शॉर्ट वन, आह? माझ्या बायकोच्या चर्चमध्ये एवढं लांब करतात की जेवण गार होतं."

"मीही लांबच करायचो," मी सांगितले.

"आता का नाही?"

"आता सांगण्यासारखं खरं तेवढंच असतं."

त्यांनी एक पाय जरा लांब केला. मग म्हणाले, "माझं पण सांग मग. गुडघा. कॅन्सरचं डॉक्टर बघतायत, गुडघ्याकडे कुणी बघत नाही." त्या दिवसापासून त्यांचा गुडघा माझ्या प्रार्थनेत आला. ते दर वेळी खुर्चीत बसता बसता त्याची बातमी देत.

घरी आलो की दोन दिवस अंगात काही नसे. मी सोफ्यावर पडून राही. एके दुपारी एस्तेरने येऊन विचारले, "पप्पा, यू प्रेइंग ऑर स्लीपिंग?" पूर्वी मी नक्की प्रार्थना म्हणालो असतो.

"झोपलो होतो, बाळा."

"ओके लाह. स्लीप," म्हणाली आणि टीव्हीचा आवाज कमी करून तिथेच बसली. अशा छोट्या गोष्टींनी ते दिवस भरलेले आहेत. मुरुगन संध्याकाळी आपल्या स्टॉपवर न उतरता रसमचा डबा द्यायला चार स्टॉप पुढे येई. डबा देऊन दारातूनच माझी पँट बघे आणि जाई.

बाईंचे पत्र

तिसरी खेप झाल्यानंतर खालच्या लेटरबॉक्समध्ये बाईंचे पत्र मिळाले. मी त्यांना आजाराचे कळवले नव्हते. म्हाताऱ्या जिवाला कशाला घोर, असे मी विनयाला सांगत असे.

बाईंनी लिहिले होते: "तुझे पत्र मी महिला सभेत वाचून दाखवले. सगळ्यांना फार बळ मिळाले. मला लाज वाटली, की माझा विद्यार्थी परदेशात इतका जागा राहतो आणि मी इथे तीन वेळा जेवते. म्हणून आता दर शुक्रवारी मीही संध्याकाळपर्यंत पाण्यावर राहते. मागच्या शुक्रवारी चक्कर येऊन ओट्यापाशी बसले. पण ते मी प्रभूला अर्पण केले. डॉक्टर म्हणतो साखरेची गोळी खाऊनच घ्या. त्याला आपल्या गोष्टीतले काय कळते?"

बाईंना पंधरा वर्षे मधुमेह आहे.

मी पत्र विनयाला दिले. तिने वाचले आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता तिथल्या पाळकसाहेबांना फोन करा."

मी केला. पाळकसाहेब भले माणूस. ते म्हणाले, "मी दोनदा सांगून पाहिलं, सुधीरभाऊ. बाई पिशवीतून तुमचं पत्र काढून दाखवतात. मी काय बोलणार?"

म्हणजे ते पत्र मलाच खोडावे लागणार होते. तरी मी आणखी नऊ दिवस घालवले. तीन वेळा लिहायला बसलो. एकदा लिहिले, वयोमानानुसार आपण उपास करू नये. फाडले. एकदा लिहिले, मला जरा बरे नाही. तेही फाडले. ज्यांनी मला दारातून उचलून इथवर आणले, त्यांच्यासमोर मला अजूनही पहिल्या बाकावरचा मुलगाच राहायचे होते.

शनिवारी आमच्याकडेच बैठक होती. मी डोक्याला टोपी घालून बसलो आणि आठ कुटुंबांसमोर सगळे सांगितले. घाम, तपासणी, रकाने, तेज, सगळे. मग पंडितकाका घसा खाकरून म्हणाले, "तेजाचं मीच म्हणालो होतो. माफ करा." आणि पाय पुढे करून म्हणाले, "आता सांगतोच. हा अंगठा दोन महिने सुजलाय. मीही नुसतं तेल लावून प्रार्थना करतोय."

"दोन महिने?" काकू म्हणाल्या. "मला म्हणालात बूट लागला."

सगळे हसले. सोमवारी काकू त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. युरिक अ‍ॅसिड वाढलेले निघाले.

मंडळी गेल्यावर विनया पेन आणि कागद टेबलावर ठेवून भांडी आवरायला गेली. त्या रात्री मी लिहिलेले पत्र असे. सोमवारी कुरिअरने पाठवले, शुक्रवारच्या आत पोचावे म्हणून.

*

आदरणीय बाईंना,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

बाई, माझे लेंटमधले पत्र तुमच्या पिशवीत आहे असे कळले. ते पत्र अर्धे आहे. उरलेले अर्धे आज लिहितो.

त्या चाळीस दिवसांत माझे वजन उतरले ते फक्त उपासाने नाही. मला कॅन्सर झाला आहे, मानेतल्या ग्रंथींचा. तो तेव्हाच अंगात होता. औषध चालू आहे, तीन खेपा झाल्या, गाठ लहान झाली आहे आणि डॉक्टर समाधानी आहेत. तुमच्यापासून लपवले, कारण तुम्हाला घोर लागेल असे मी सगळ्यांना सांगितले. खरे कारण ते नव्हते. तुम्ही मला जसा समजता तसा मी दिसत राहावे, हे कारण होते.

मला घाम यायचा, दम लागायचा. विनया रोज सांगत होती. मी डोळे मिटून बसलो म्हणजे तिला गप्प बसावे लागे, हे मला ठाऊक होते. कंपनीची तपासणी आली, ती मी प्रार्थनेचे नाव सांगून पुढे ढकलली. तुम्हाला हे काही लिहिले नाही. फक्त वजनाचा आकडा लिहिला, कारण तो चांगला दिसत होता.

उपास वाईट असे मी म्हणत नाही. माझ्या उपासात मी देवाकडे बघत नव्हतो, मी कसा दिसतो ते बघत होतो. तुमच्या मनात तसे काही नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही जे धरले आहे ते माझ्या पत्रावरून धरले आहे, आणि त्या पत्रात धरण्यासारखे काही नाही. म्हणून ते फाडून टाका. महिला सभेत ते वाचले होते, तर हेही वाचा. मला लाज वाटेल, पण वाचा.

चक्कर आली ती तुम्ही प्रभूला अर्पण केली असे लिहिलेत. बाई, मीही माझा घाम अर्पण करत होतो. तो घाम मला काही सांगत होता. तुमची चक्करही सांगते आहे. तुमच्या डॉक्टरांना आपल्या गोष्टीतले कळत नसेल, पण गोळीचे कळते. हे तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो.

आता माझ्या प्रार्थना फार लहान झाल्या आहेत. कधी कधी दोनच वाक्ये. त्यांत तुमचे नाव असते. पण मला माझ्यामुळे उपाशी असलेल्या बाईंसाठी प्रार्थना करता येत नाही. पुढे शब्द येत नाहीत. गेले नऊ दिवस मी तिथेच अडकलो आहे.

विनया आणि एस्तेर बऱ्या आहेत. विनया माझ्याशी भांडायची राहिली आहे, बरा झाल्यावर भांडणार म्हणते.

हे पत्र शुक्रवारच्या आधी पोचेल. शुक्रवारी सकाळी भाकरी खा, मग गोळी घ्या, मग माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि काय खाल्लेत ते मला लिहून पाठवा.

माझ्यावर रागावला असाल तर तेही लिहा. फक्त आधी जेवा, मग रागवा.

तुमचा विद्यार्थी,
सुधीर